नाटेकर बाईंच्या चुका

माझ्या धाकट्या सुनेने पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं नाकारलं आणि ती आमच्याच घरी बाळंत झाली, ते साल २०३६. गावात त्यावर महिनाभर बोलणं चाललं. त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या खारवेळच्या शाळेत यंत्र बसलं. त्यावर मात्र कोणी फारसं बोललं नाही.

माझी धाकटी बहीण शकुंतला त्या शाळेत शिक्षिका होती आणि त्याच जूनमध्ये ती निवृत्त झाली. तिने लग्न केलं नाही, माझ्याच घरी राहिली. मी खाडीवर तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवायचो. पूल झाला, तर बंद पडली, तेव्हा मला अक्षरंही तिनेच शिकवली. गाव तिला नाटेकर बाई म्हणे, मी शकू म्हणे.

तिच्या जागी माणूस येणार नव्हता. किनाऱ्यावरच्या लहान शाळांना शिक्षक मिळत नव्हते, म्हणून खात्याने दहा वर्षं आधीच एक काम सुरू केलं होतं. चांगल्या शिक्षकांच्या वर्गात माइक लावायचे आणि त्यांचं शिकवणं साठवायचं. पालकांनी कॅमेरा नको म्हटलं, म्हणून नुसता आवाज घेतला. शकूच्या वर्गात तो माइक दहा वर्षं टांगलेला होता. तिने त्याला पहिल्या दिवशी पाहिलं असेल तेवढंच.

यंत्र कसं चालतं ते मला पुढे अर्पिता देवस्थळे नावाच्या बाईंनी समजावलं. त्या हा कार्यक्रम पाहणाऱ्या अधिकारी होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. यंत्र शकूचे जुने धडे पुन्हा वाजवत नाही. त्याने आधी जगातली कोट्यवधी पानं वाचलेली असतात आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो याचा अंदाज बांधायला ते शिकलेलं असतं. त्यावर शकूचं दहा वर्षांचं बोलणं चढवलं. त्यामुळे ते तिच्या आवाजात, तिच्या ढंगात नवी वाक्यं तयार करतं. समोरच्या मुलाला भागाकार येत नसेल तर त्याच्या वाडीतले आंबे घेऊन भागाकार सांगतं. मूल कंटाळलं तर त्याला ते कळतं. ते दमत नाही, रागावत नाही.

"बाई, तुमच्यासारखंच बोलतं हो!" पहिल्या दिवशी मुलं धावत घरी सांगायला आली.

"माझ्यासारखं? मग ओरडतं काय रे?"

"नाय."

"मग कसलं माझ्यासारखं!" असं म्हणून ती हसली आणि तांदूळ निवडायला बसली.

खारवेळमध्ये यंत्र चांगलं चाललं, म्हणून ते किनाऱ्यावरच्या शेकडो शाळांत गेलं. खाडी, माड, मासे, भरती-ओहोटी यांचे धडे दुसऱ्या कोणत्याच यंत्राकडे नव्हते. प्रत्येक शाळेत मुलं बसवायला एक मदतनीस असे आणि शिकवायला माझी बहीण असे. तिला ज्या गावांची नावंही ठाऊक नव्हती तिथली मुलं तिला 'आमच्या बाई' म्हणत होती.

अडीच वर्षांनी, माघ वद्य पंचमीला, तीन खाड्या पलीकडच्या माडवली गावात एक मुलगी बुडाली. दुर्वा पोवार, वय नऊ. आईबाप घाटावरून चिरेखाणीत कामाला आलेले. मुलगी रविवारी एकटीच तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गोळा करायला खाडीतल्या वाळूच्या दांड्यावर गेली. तो दांडा ओहोटीला उघडा पडतो, पण भरती लागली की आधी त्याच्या मागची चर भरते आणि परतीची वाट बंद होते. माडवलीच्या जुन्या घरांतलं पोर त्या वेळी तिकडे फिरकलं नसतं. हिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, आणि अर्पिताबाई त्याचसाठी आमच्या घरी आल्या.

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि माडवलीच्या शाळेतला त्या आधीच्या शुक्रवारचा धडा लावला. शकूचा आवाज आला. "तिथीची पाऊणपट करायची. पंचमी, म्हणजे पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला पाणी चढायला लागतं."

मी हसलो. मला वाटलं काही गंमत आहे. खाडीवर राहणारं कोणीही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की पाणी पूर्ण भरण्याची वेळ येते, चढायला लागण्याची नव्हे. पंचमीला पाणी सकाळी दहाच्या सुमारास चढायला लागतं आणि पावणेचारला काठोकाठ असतं.

शकू हसली नाही. तिने धडा पुन्हा लावायला सांगितला.

"हे यंत्राने स्वतः बनवलं असेल," अर्पिताबाई म्हणाल्या. "यंत्रं कधी कधी बनवतात. पण दुसरीकडून काही आलंय का ते तपासायला हवं, म्हणून तुम्हाला..."

"बनवलेलं नाही," शकू म्हणाली. "मी सांगितलंय."

मग तिने तिची पद्धत सांगितली. मला ती माहीत होती, गावातल्या प्रत्येकाला माहीत होती. वर्गात शिकवताना ती मध्येच एक चूक सोडून द्यायची. चेहरा अगदी गंभीर. जो पकडेल त्याने त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा वाजवायची. त्यामुळे मुलं कान टवकारून बसत. कोणी ओरडलं, "बाई, चूक! तेव्हा तर पाणी भरलेलं असतं!", की ती तोंडाने काही म्हणायची नाही, नुसतं बोट घंटेकडे करायची आणि पुढे शिकवू लागायची.

"हे तुम्ही कधी सांगितलं नाही," अर्पिताबाई म्हणाल्या.

"कोणी विचारलं नाही. फळा पुसते हे पण मी सांगितलं नाही."

"पण मुलं तर ओरडायची. ते आवाज..." मग हळूच म्हणाल्या, "मुलांचे आवाज आम्ही पुसले."

कायदाच तसा होता. लहान मुलांचा आवाज साठवायचा नाही. म्हणून साठवण करतानाच प्रत्येक मुलाचा आवाज काढून तिथे शांतता भरली होती. शकूने चूक सांगितली, मुलाने ती पकडली, शकूने घंटेकडे बोट केलं. यातलं पहिलं तेवढं उरलं.

सात आठे चौपन्न असं शकू म्हणाली असेल, तर ते यंत्राने उचललं नाही, कारण छप्पन्न सांगणारी लाखो पानं त्याच्याकडे होती. पण आमच्या खाडीचं पाणी, आमच्या डोंगरातली झाडं, कुठल्या माशाला कधी हात लावू नये, हे सांगणारी पानं जगात नव्हती. त्याला एकच साक्षीदार होता, शकू. तिने जे सांगितलं ते खरं.

"अशा किती असतील?" अर्पिताबाईंनी विचारलं.

"रोज एक तरी," शकू म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात शकूने माडवलीला जायचं काढलं. मी बरोबर गेलो. खाणीजवळ पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. शकूने दारातून विचारलं, "पोवारांचं घर हेच का?"

आत भाकरी थापणारी बाई तशीच थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही. "ह्यो आवाज वळखीचा हाय," ती म्हणाली. मग वळली. "तुमीच व्हय बाई? मला वाटलं, ते नुसतं मशीनच हाय. माणूस न्हाईच."

"माणूस आहे," शकू म्हणाली. "मीच."

त्या बाईने आम्हाला पाणी दिलं. शकूने सगळं सांगितलं, घंटेचंसुद्धा. बाईला त्यातलं किती कळलं ठाऊक नाही. ती रडली नाही आणि तिने शिव्याही दिल्या नाहीत. "घरात तुमच्यावाणीच बोलायची," ती म्हणाली. "मी काय सांगाय लागलं की म्हणायची, आई, तुला काय कळतंय, बाईंनी असं सांगितलंय. तुमचं समदं खरं वाटायचं तिला."

परत येताना शकू गाडीत एकच वाक्य बोलली. "माझ्या वर्गातल्या एकाही पोराला माझं सगळं खरं वाटत नव्हतं रे दादा."

खात्याने चौकशी केली. भरतीचा धडा दुरुस्त झाला आणि यंत्र चालू राहिलं. शकूला पत्र आलं की तिची इच्छा असल्यास तिला आवाज वापरायला दिलेली संमती मागे घेता येईल. मला ते बरं वाटलं. तिचं हृदय थकलेलं होतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की विश्रांती घेतली तर काही वर्षं, नाही तर सांगता येत नाही.

"सही कर आणि मोकळी हो," मी म्हटलं.

तिने अर्पिताबाईंना फोन लावला. "मी सही केली तर काय होईल?"

"तुमचा आवाज काढून दुसरा घालतील."

"आणि मी सांगितलेलं?"

"ते काढता येत नाही, बाई. चहात साखर विरघळल्यावर नुसती साखर काढता येत नाही, तसं आहे. एखादं वाक्य चुकीचं आहे हे कळलं, तर त्याच्यावर दुरुस्ती लादता येते. पण कुठलं ते कळायला हवं."

"खाडीचे सगळेच धडे बंद करा."

"मी तेच लिहून दिलं होतं. नाही म्हणाले. म्हणाले, त्या धड्यांमुळे मुलं शाळेत येताहेत. आणि बाई, ते खोटं नाही."

शकूने फोन ठेवला. "ऐकलंस? सही केली तर चुका राहतील आणि त्या कुणाच्या हे कळायची सोय जाईल."

"मग तू काय करणार?"

"ऐकत बसणार."

"दहा वर्षांचं? अगो, तुला जिना चढवत नाही!"

"ऐकायला जिना कशाला?"

मी रागावलो. म्हटलं, एक पोर गेलं ते गेलं, त्यासाठी तू जीव देऊ नकोस, यंत्र खात्याचं आहे, खातं बघेल. ती म्हणाली, "दादा, तू खाडीवर तर चालवत होतास. होडीला भोक आहे असं तुला कळलं असतं, तर होडी सरकारची आहे म्हणून बसला असतास?" त्यानंतर आम्ही चारपाच दिवस बोललो नाही. सून दोघांना वेगवेगळं वाढायची.

शकू रोज सकाळी पडवीत खुर्ची टाकून बसे आणि वर्गात साठवलेलं स्वतःचंच दहा वर्षांचं बोलणं ऐके. चूक सापडली की अर्पिताबाईंना कळवायची. पण महिन्याभरात अडचण ध्यानात आली. तिला चुका ओळखू येत नव्हत्या. मोठ्या सहज सापडत. पण ती चूक इतक्या सरळ आवाजात सोडायची की ऐकताना तिचं तिलाच खरं वाटे. आधी ती मुलांच्या चेहऱ्यांवरून ओळखत असे, आणि इथे चेहरे नव्हते. वाक्य, मग शांतता, मग पुढचं वाक्य. त्या शांततेत कोणी चूक पकडली होती की कोणी नुसतं 'हो बाई' म्हटलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

तो मार्ग रुबिना मुकादममुळे निघाला. रुबिना तिची विद्यार्थिनी, आता आरोग्य केंद्रात नर्स. आठवड्यातून एकदा शकूचा रक्तदाब बघायला यायची. एकदा पट्टा दंडाला बांधता बांधता ती एकदम म्हणाली, "थांबा, थांबा! मागे घ्या जरा."

शकूने मागे घेतलं. आवाज म्हणत होता, "केंड मासा ताजा असला तर खायला हरकत नसते." मग शांतता.

"इथे मी उभी राहिले होते," रुबिना म्हणाली. "बाई, चूक! केंड विषारी असतो! आणि तुम्ही घंटेकडे बोट केलं. मी घंटा इतकी वाजवली की हेडमास्तर धावत आले."

शकू तिच्याकडे बघत राहिली. "तुला आठवतं?"

"बाई, माझ्या नशिबात घंटा तीनदाच आली. नाय आठवणार?"

त्या रविवारी रुबिना तिच्या वर्गातल्या चौघांना घेऊन आली. पुढच्या रविवारी आणखी आले. जे मुंबईला होते ते फोनवर ऐकत. विलास मयेकर एसटीत कंडक्टर झाला होता. तो गणवेशातच यायचा आणि पायरीवर बसायचा. पडवीत असा गोंगाट सुरू झाला की माझी दुपारची झोप गेली.

"हे मी पकडलं होतं!"

"तू? मेल्या, तू तेव्हा खिडकीबाहेर कावळे मोजत होतास!"

"बाई, सांगा ना हिला!"

"मला काय विचारता?" शकू म्हणायची. "मला आठवलं असतं तर तुम्हाला चहा कशाला पाजला असता?"

सूनबाई म्हणाली, "आत्या, एवढ्या साखरेत दुसरं यंत्र आलं असतं." पण चहा तीच करायची. मीही हळूहळू खुर्ची पुढे ओढून बसू लागलो. शकू आणि मी पुन्हा बोलू लागलो, ते कधी हे मला सांगता येणार नाही.

या मुलांनी पुष्कळ चुका काढल्या. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. शकूचे पाय सुजू लागले. बोलताना तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागे. जे ऐकायचं राहिलं होतं त्याकडे ती जेवणाऱ्याने ताटाकडे बघावं तशी बघे. आपल्याच्यानं संपेल की नाही, एवढंच.

मग झऱ्याचं वाक्य आलं. आवाज म्हणाला, "जांभळीचा झरा मे महिन्यातही आटत नाही. उन्हाळ्यात डोंगरात गेलात तर पाणी तिथे मिळेल."

"चूक," विलास म्हणाला. "झरा मार्चमध्येच आटतो."

"आता आटतो," रुबिना म्हणाली. "वरून रस्ता गेला तेव्हापासून. आम्ही चौथीत होतो तेव्हा मे महिन्यात तिथे पाणी प्यायलो आहोत. कोणी चूक पकडलीच नव्हती."

दोघं भांडू लागले. शकूने हात वर केला. "ही माझी चूक नाही," ती म्हणाली. "हे जुनं झालं."

तिने त्या दिवशीचं ऐकणं तिथेच थांबवलं. मुलं निघून गेल्यावर मला म्हणाली, "दादा, हे संपायचं नाही. मी सोडलेल्या चुका मोजून आहेत. पण मी खरं सांगितलेलं रोज थोडं थोडं खोटं होत चाललंय. ते मी इथे बसून कसं ओळखणार? आणि मी गेल्यावर?"

तिने अर्पिताबाईंना बोलावून घेतलं आणि आपली मागणी सांगितली. गावचं, खाडीचं, डोंगराचं काहीही शिकवलं की यंत्राने शेवटी मुलांना विचारायचं, तुमच्याकडे असंच आहे का? आणि मुलांनी जाऊन बघायचं. त्यांनी येऊन सांगितलेलं यंत्राने आपल्या नोंदीत घ्यायचं.

"खातं ऐकणार नाही," अर्पिताबाई म्हणाल्या. "एक मूल खाडीत गेलं आणि आपण मुलांना बाहेर बघायला पाठवायचं? मला पहिला प्रश्न हाच येईल."

"त्यांना सांग, ती बघायला गेली नव्हती. ऐकून गेली होती. बघून गेली असती तर घरी आली असती."

अर्पिताबाईंनी ते जसंच्या तसं वर नेलं. तीन महिने उत्तर आलं नाही. मग आलं. मागणी मान्य, पण मुलांसोबत गावातलं मोठं माणूस हवं, ही अट. शकू म्हणाली, अट चांगली आहे, मला सुचायला हवी होती.

वाक्य ठरलं. अर्पिताबाई संकोचून म्हणाल्या, "बाई, तुम्हाला बोलायची गरज नाही. यंत्र तुमच्या आवाजात बोलेल. तुम्हाला श्वास लागतो."

"हे मी बोलते," शकू म्हणाली.

तिला उशांना टेकून बसवलं. अर्पिताबाईंनी फोन समोर धरला. शकूने दोनदा श्वास घेतला आणि म्हणाली, "मी सांगितलं ते माझ्या गावचं. तुमच्याकडे असंच आहे का? मोठं माणूस सोबत घ्या आणि बघून या. चुकत असेल तर मला सांगा." मध्ये एकदा ती खोकली. खात्याच्या लोकांनी ती खोकल्याची जागा साफ करायची परवानगी मागितली. शकूने नाही म्हटलं.

ते वाक्य आता किनाऱ्यावरच्या शाळांत रोज लागतं. तक्रारी आल्याच. मुलं बघायला म्हणून जातात आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत परतत नाहीत. काही गावांत दिवसा मोठं माणूसच घरी नसतं, तिथे धडा अर्धाच राहतो. एका शाळेतल्या मुलांनी येऊन सांगितलं की आमच्या गावात खाडीच नाही, आणि ते खरं होतं. त्यांना अडीच वर्षं खाडी शिकवली जात होती. माडवलीच्या मुलांनी आणलेल्या भरतीच्या वेळा आता यंत्रात आहेत. रुबिना, विलास आणि इतर उरलेलं ऐकतात, पण रविवारी सगळ्यांना जमतंच असं नाही.

दुर्वा मारुती पोवार १३ फेब्रुवारी २०३९ रोजी, रविवारी दुपारी, माडवलीच्या खाडीत बुडून वारली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माझी बहीण शकुंतला आत्माराम नाटेकर १४ मार्च २०४१ रोजी, गुरुवारी सकाळी, खारवेळला घरी वारली. तिला बासष्ट वर्षं पूर्ण झाली होती.